शेलकी की ढीगभर? आधी नाणे हातठशाचे की यंत्राचे ते पाहा

परभणी जिल्ह्यातून तुम्ही विचारलेला प्रश्न असा आहे. सात वर्षांत तुमच्याकडे अकराशेच्या आसपास नाणी जमली. त्यांतली बरीचशी आठवडी बाजारातून आणि मोडीवाल्यांकडून आली, आणि बारा हाली रुपये, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानाचे रुपये, आजोबांच्या पेटीत सापडले. दरमहा दोन हजार रुपये तुम्ही या छंदासाठी बाजूला काढू शकता. एक व्यापारी सांगतो की वर्षाला चारच नाणी घ्या, पण शेलकी घ्या. एक मित्र सांगतो की आधी संख्या वाढू द्या, निवड नंतर करता येते. दोघांपैकी कोणाचे ऐकावे, असे तुम्ही विचारता.

मी छत्रपती संभाजीनगरला राहतो आणि बत्तीस वर्षे दख्खनच्या टांकसाळींची, विशेषतः जुन्या हैदराबाद संस्थानाची नाणी जमवतो. माझ्या मते ते दोघेही खरे बोलत आहेत, फक्त ते वेगवेगळ्या नाण्यांविषयी बोलत आहेत. तुमचा व्यापारी बहुधा ब्रिटिश अमलातील रुपये विकत असावा आणि तुमच्या मित्राला शिवराई या मराठेशाहीतल्या तांब्याच्या नाण्याचा नाद असावा, असा माझा तर्क आहे. तुमची खरी अडचण दर्जा की संख्या ही नसून, अकराशे नाण्यांना एकच फूटपट्टी लावायची असे तुम्ही गृहीत धरले आहे, ही आहे. यंत्रावर पाडलेल्या नाण्याला एक माप लागते आणि हातठशाच्या, म्हणजे ठशावर हातोडा मारून पाडलेल्या, नाण्याला दुसरे. ही दोन मापे एकमेकांत मिसळली की खर्चही वाया जातो आणि संग्रहालाही काही रूप येत नाही.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला येथून ठरवता येणार नाहीत. हा संग्रह पुढे विकायचा आहे की घरात राहू द्यायचा आहे, फारसी अक्षरे ओळखण्याइतका वेळ तुम्ही देऊ शकता का, आणि चांगले नाणे समोर आले तर ते चांगले आहे हे ओळखणारा कोणी जाणता माणूस जवळ आहे का, यांवर पुढचे पुष्कळसे ठरेल. ज्याला दोन-चार वर्षांत पैसे मोकळे करावे लागण्याची शक्यता आहे, त्याने हातठशाच्या नाण्यांत फारसे अडकू नये, कारण त्यांचा गिऱ्हाईक थोडा असतो आणि त्याला शोधत जावे लागते.

आता यंत्राच्या नाण्यांविषयी. ब्रिटिश रुपया 180 ग्रेनचा, म्हणजे 11.66 ग्रॅमचा, आपला तोळा तो हाच. त्यात 1939 पर्यंत चांदी 91.7 टक्के. एका वर्षी एका छापाचे असे लाखो रुपये पडत, आणि ते सगळे टांकसाळीतून निघताना जवळजवळ सारखेच असत. पुढे त्यांच्यात फरक पडला तो वापराने. म्हणून अशा नाण्यात दुसरे, तिसरे, दहावे घेतल्याने माहितीत काहीच भर पडत नाही. राजाचे तेच डोके, तेच साल, फक्त आणखी थोडे झिजलेले. झीज एका मर्यादेपुढे गेली की त्या रुपयाचा भाव नाण्याचा राहत नाही, तो चांदीचा होतो. तुम्ही जर 1862 सालचे वीस झिजलेले रुपये घेतले असतील, तर तुम्ही संग्रह केलेला नाही, तुम्ही वीस तोळे चांदी घेतली आहे, आणि तीही बहुधा सोनाराच्या मोडीच्या भावाहून महाग. या प्रकारात तुमच्या व्यापाऱ्याचे ऐकावे. तीन महिन्यांचे पैसे साठवून एक रुपया घ्यावा, ज्यावर राणीच्या केसांच्या बटा वेगळ्या मोजता येतील आणि काठावरचे दाते शाबूत असतील.

हैदराबादच्या चारमिनार छापाच्या हाली रुपयावर हे अधिक स्पष्ट दिसते आणि तो आपल्या भागात घरोघर आढळतो, म्हणून त्याकडे जरा जवळून पाहू. हा छाप 1321 हिजरीपासून, म्हणजे 1903-04च्या सुमारास, निजाम महबूब अली खान यांच्या काळात सुरू झाला आणि पुढचे निजाम उस्मान अली खान यांच्या काळात चालू राहिला. दहा पट मोठे दाखवणारे भिंग घ्या आणि चारमिनारच्या मधल्या कमानीत पाहा. तेथे एक फारसी अक्षर आहे. ते ‘मीम’ असेल तर नाणे महबूब अली खानांचे, ‘ऐन’ असेल तर उस्मान अली खानांचे. उस्मान अलींच्या नाण्यांत हा ऐन काही ठिकाणी आखूड आहे आणि काही ठिकाणी पुरा आहे, आणि संग्राहक हे दोन वेगळे प्रकार मानतात. माझ्या अनुभवात झीज आधी मिनारांच्या सज्जांच्या बारीक रेषांवर दिसते आणि मग कमानीतल्या या अक्षरावर. रुपया हातोहात फिरून गुळगुळीत झाला की ऐन आखूड होता की पुरा, हे सांगता येत नाही. म्हणजे येथे दर्जा ही केवळ देखणेपणाची हौस नाही. नाणे नेमके कोणते आहे, हे कळण्यासाठीच तो लागतो.

थोडे विषयांतर करतो, कारण याच नाण्याने मला हिशेबाची गोडी लावली. आमच्या घरातली म्हातारी माणसे ‘हाली’ आणि ‘कलदार’, म्हणजे ब्रिटिश, असे दोन रुपये मानत आणि शंभर कलदारांना एकशे सोळा-सतरा हाली असा भाव सांगत. सात हालींना सहा कलदार, असे ते प्रमाण होते. पुढे मी वजने मांडली. चारमिनार रुपया 11.178 ग्रॅमचा आणि त्यात चांदी 81.8 टक्के, म्हणजे शुद्ध चांदी साधारण 9.14 ग्रॅम, कलदारात ती 10.69 ग्रॅम. भागाकार केला तर सहा सप्तमांशाच्या अगदी जवळ येतो. हाली चलन 1959 पर्यंत टिकले, त्यामुळे मराठवाड्यातल्या जुन्या पेट्यांत दोन्ही रुपये एकत्र सापडतात आणि लोक ते एकाच भावात विकतात. घेताना तराजू जवळ असू द्या. 1361 हिजरीनंतरच्या हाली रुपयात चांदी निम्मीच आहे, हेही ध्यानात ठेवा.

हातठशाच्या नाण्याची गोष्ट मात्र उलटी आहे, आणि मला मुख्यतः याविषयीच लिहायचे आहे.

हाताने नाणे पाडताना कारागीर धातूची तापवलेली किंवा थंड चकती खालच्या ठशावर ठेवी, वर दुसरा ठसा धरी आणि हातोडा मारी. ठसा बहुतेक वेळा चकतीहून मोठा असे. त्यामुळे ठशावरचा पूर्ण मजकूर एका नाण्यावर सहसा उतरत नसे. हातोडा थोडा डावीकडे पडला तर उजवीकडची अक्षरे चकतीबाहेर जात, वर पडला तर खालची ओळ जाई. औरंगाबादच्या टांकसाळीचे मुघल रुपये पाहा. त्यांवर शहराचे नाव ‘खुजिस्ता बुनियाद’ असे येते, पण निम्म्या नाण्यांवर त्यातला ‘खुजिस्ता’ दिसतो, निम्म्यांवर ‘बुनियाद’, आणि कित्येकांवर सालाचा एकच आकडा काठाला चिकटलेला असतो. असे एखादे नाणे पूर्ण लखलखीत असले तरी त्यावर टांकसाळीचे नाव नसेल, तर ते अभ्यासाच्या दृष्टीने मुके आहे. आणि काळे पडलेले, एका बाजूने झिजलेले नाणे जर नाव आणि साल स्पष्ट दाखवत असेल, तर ते मी आधी उचलेन. येथे दर्जा म्हणजे झळाळी नव्हे, मजकूर किती पुरा उतरला हे पाहावे लागते.

आणि येथेच संख्येचे काम सुरू होते. 1990च्या दशकात जालन्याच्या एका मोडीवाल्याकडून मी दीड किलो तांब्याची नाणी वजनावर घेतली होती. पत्नीने त्या वेळी जे म्हटले ते येथे लिहिण्यासारखे नाही. त्या ढिगात पाव आणे होते, निजामी दोन पै होत्या, भोकाचे पैसे होते, आणि एकसष्ट शिवराया होत्या. एकही शिवराई अशी नव्हती की जी कोणी संग्राहक काचेच्या पेटीत ठेवील. पण मी त्या जुन्या चादरीवर मांडल्या आणि एकेकीवर जेवढी अक्षरे दिसतात तेवढी पारदर्शक कागदावर उतरवून घेतली. एकीवर ‘श्री रा’, दुसरीवर ‘राजा’ आणि खाली ‘शि’चा अर्धा, तिसरीवर मागच्या बाजूचे ‘पति’. पाच-सहा आठवड्यांनी ते तुकडे एकमेकांवर ठेवल्यावर दोन वेगवेगळे ठसे पूर्ण उभे राहिले. एकात ‘शिव’ आहे आणि दुसऱ्यात ‘सिव’. एका ठिकाणी ‘छत्रपति’ आहे आणि दुसरीकडे शेवटची वेलांटी दीर्घ आहे. ही शुद्धलेखनाची भिन्नता, अक्षरांची वळणे, मधल्या दोन रेषांची धाटणी, यांवरून शिवरायांचे प्रकार ठरतात, आणि ही भिन्नता मला एका शेलक्या शिवराईने कधीच दाखवली नसती. त्या एकसष्टांपैकी मी बावीस ठेवल्या आणि बाकीच्या मित्रांना देऊन टाकल्या. पण त्या देण्याआधी त्यांनी आपले काम केले होते.

मोठ्या प्रमाणावर हेच नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे 1906 साली घडले. तेथे क्षत्रप राजा नहपानाच्या चांदीच्या 13,000हून अधिक नाण्यांचा साठा निघाला आणि त्यांपैकी 9,000हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. असे एक पुनर्मुद्रित नाणे म्हणजे एक चमत्कारिक वस्तू. नऊ हजार पाहिली की जिंकणाऱ्या राजाने हरलेल्याचे चलन उचलून आपल्या नावाने बाजारात सोडले, ही राजकीय घटना दिसते. नहपानाच्या चेहऱ्याचे वेगवेगळ्या वयांतले इतके नमुनेही त्याच ढिगामुळे शेजारी ठेवता आले. पैठण, तेर आणि भोकरदनच्या सातवाहन नाण्यांविषयीही मला हेच म्हणायचे आहे. शिशाची आणि पोटीन या मिश्रधातूची ती नाणी बहुतेक वेळा खडबडीत, कडा तुटलेली, हत्तीची सोंड दिसते तर राजाचे नाव दिसत नाही अशी असतात. त्यांच्यात ‘उत्तम स्थिती’ शोधत बसलात, तर हाती येईल ते बहुधा कोणीतरी अलीकडे साच्यात ओतलेले असेल.

मात्र हातठशाच्या नाण्यांतही हवे तेवढे भरत सुटावे, असे माझे म्हणणे नाही. संख्या उपयोगी पडते ती त्या संख्येकडे काही प्रश्न घेऊन पाहिले तर. माझ्याकडे एका शिवराईच्या प्रकाराची चौदा नाणी होती आणि मी पंधरावे घेताना थांबलो, कारण त्याने दाखवण्यासारखे नवे अक्षर उरले नव्हते. विकत घेण्याआधी मी अजूनही स्वतःला एकच विचारतो, की या नाण्यावर असे काय दिसते जे माझ्या डब्यातल्या कोणत्याच नाण्यावर दिसत नाही. उत्तर तोंडी सांगता आले नाही तर मी ते परत ठेवतो.

दर्जाच्या मागे लागलेल्यांकडून होणाऱ्या चुका मी स्वतः केल्या आहेत, म्हणून त्यांविषयी थोडे स्पष्ट लिहितो. पहिली चूक घासण्याची. सुरुवातीच्या काळात मी सात चारमिनार रुपये चिंच आणि राख लावून लख्ख केले. ते चांदीच्या ताटासारखे चमकले, आणि भिंगाखाली त्यांवर हजारो बारीक ओरखडे दिसू लागले. नाण्यावर वर्षानुवर्षे बसलेला काळसर किंवा निळसर थर हा त्याचा दाखला असतो. तो गेला की नाणे परत तसे होत नाही, आणि जाणता गिऱ्हाईक ते पाहताच हात मागे घेतो. मातीतून आलेल्या तांब्याच्या नाण्यावर हिरवी भुकटी सुटत असेल, तर ती वाढणारी झीज आहे आणि तिच्यावर इलाज करावा लागतो. पण घट्ट, गुळगुळीत हिरवा थर तसाच राहू द्यावा.

दुसरी चूक साठवणीची, आणि ती तुमच्या अल्बममध्ये आत्ता घडत असण्याची शक्यता आहे. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकची पाने बहुधा पीव्हीसीची असतात. त्यांतून सुटणाऱ्या द्रव्याने नाण्यावर हिरवट चिकट थर बसतो. मी चाळीस चांगली नाणी अशा पानांत ठेवून दोन पावसाळे त्यांकडे पाहिले नव्हते. शुद्ध ॲसिटोनमध्ये, खिडकी उघडी ठेवून आणि जवळपास ज्योत नसताना, न घासता बुडवल्यावर थर निघाला. पण तांब्याच्या सहा नाण्यांवर खाली खड्डे पडले होते. चौकोनी पुठ्ठ्याची, पॉलिएस्टरची खिडकी असलेली पाकिटे घ्या. एका चांगल्या रुपयाच्या किमतीत तुमच्या सगळ्या ठेवणीच्या नाण्यांची सोय होईल, आणि या महिन्याची खरेदी तीच असावी.

तिसरी गोष्ट आपल्या भागाची आहे. येथले चांदीचे रुपये पुष्कळदा दागिन्यांत होते. बंजारा तांड्यांवरच्या हारांत आणि खेड्यापाड्यांतल्या रुपयांच्या माळांत. कडी काढून टाकली की वरच्या काठाशी, बाराच्या आकड्याच्या जागी, झाळल्याचा खडबडीत डाग राहतो. काही सोनार तो घासून सपाट करतात, आणि मग तेवढ्या जागेवरचे काठाचे दाते गायब झालेले असतात. म्हणून नाणे नेहमी काठ धरून, सावकाश पूर्ण फिरवून पाहावे. अशा रुपयाला यंत्राच्या नाण्यांच्या संग्रहात जागा नाही. पण हार तसाच्या तसा, दोऱ्यासकट मिळत असेल, तर तो नाण्यांचा नव्हे, दागिन्यांचा मौल्यवान ऐवज आहे. तो सोडवून त्यातले ‘चांगले’ रुपये वेगळे काढणे मला तरी पटत नाही.

बनावट नाण्यांविषयी दोनच गोष्टी. कंपनीच्या नावाने, 1818 साल आणि राम-सीता किंवा हनुमान असलेले ‘आणे’ कोणी दुर्मिळ म्हणून दाखवले, तर नमस्कार करून पुढे जावे; ईस्ट इंडिया कंपनीने अशी नाणी कधीच पाडली नाहीत. आणि 1939 सालचा सहाव्या जॉर्जचा रुपया खरोखर दुर्मिळ आहे, म्हणूनच 1938चा आठ कोरून त्याचा नऊ केलेले रुपये फिरतात. शेलके आणि महाग घ्यायचे ठरवले की फसवणूकही महाग पडते, हे तुमचा व्यापारी तुम्हाला सांगणार नाही.

शेतात नांगरताना निघालेली नाणी तुम्हाला स्वस्तात दाखवली जातील, तेव्हा कायदा ध्यानात असू द्या. 1878च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत पुरलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडले तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, आणि शंभर वर्षांहून जुने नाणे 1972च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तूच्या व्याख्येत येते व देशाबाहेर नेता येत नाही. तेर आणि पैठणच्या शासकीय संग्रहालयांत सातवाहन काळच्या वस्तू पाहायला मिळतात. एक रविवार तेथे घालवलात, तर बाजारातल्या ‘सातवाहन’ नाण्यांकडे तुम्ही वेगळ्या नजरेने पाहाल.

तुमच्या जागी मी असतो तर सहा महिने एकही नाणे घेतले नसते. अकराशे नाण्यांचे आधी दोन ढीग केले असते, यंत्राचे आणि हातठशाचे. यंत्राच्या ढिगातून प्रत्येक साल, टांकसाळ आणि प्रकार यांचे एकच, सर्वांत चांगले नाणे ठेवून बाकीची विकली असती. ब्रिटिश नाण्यांवर मुंबई टांकसाळीची खूण साधारणपणे ठिपका किंवा चौकटीसारखी असते, आणि कलकत्त्याच्या नाण्यांवर बहुधा खूण नसते. त्यामुळे एकाच सालाची दोन नाणी दुबार आहेत असे घाईने ठरवू नका. माझा अंदाज आहे की तुमचे आठशेच्या आसपास नग येथेच कमी होतील, आणि त्यांतून येणाऱ्या पैशांत दोन-तीन उत्तम रुपये बसतील. हातठशाच्या ढिगातले मात्र एकही नाणे अक्षरे उतरवून घेतल्याशिवाय हातचे जाऊ देऊ नका, मग ते कितीही गरीब दिसो.

आजोबांचे बारा हाली रुपये विकण्याच्या यादीत घालू नका, आणि घासूही नका. ती पेटी म्हणजे तुमच्या प्रश्नाचाच छोटा नमुना आहे, कारण चारमिनार छापाच्या आधीचे हाली रुपयेही अशा पेट्यांत सापडतात आणि ते बहुधा हाताने पाडलेले असतात. चारमिनार असलेले वेगळे काढा. त्यांवर हिजरी साल आणि मागच्या बाजूला ‘जुलूस’चा, म्हणजे गादीवर बसल्याच्या वर्षाचा आकडा वाचा. उस्मान अली खान 1329 हिजरीत गादीवर आले ते वर्ष चालू असताना, म्हणून 1330 सालाच्या नाण्यांवर जुलूसचा आकडा एकही असू शकतो आणि दोनही. ती दोन वेगळी नाणी धरायची. उरलेल्या हातठशाच्या रुपयांना तिरप्या उजेडात धरून, दोन्ही बाजूंचे फोटो काढून, जेवढी अक्षरे दिसतील तेवढी उतरवून मला पाठवा. 1857 नंतरच्या नाण्यांवर मुघल बादशहाऐवजी निजाम घराण्याचा संस्थापक आसफजाह याचे नाव येऊ लागते, त्यामुळे नावाचे दोन-तीन फटकारे जरी चकतीवर उरले असतील, तरी त्यांवरून पुष्कळ सांगता येईल.